घंटा झाली की पंखा बंद

आमच्या घरात सकाळी उठल्यावर कोणी कोणाचं तोंड बघत नाही, सगळे आधी बॅटरीचं तोंड बघतात. माझा नवरा तर डोळे नीट उघडायच्या आतच चाचपडत जाऊन इन्व्हर्टरच्या आकड्यापुढे उभा राहतो. आकडा चांगला असला की मला हाक मारून चहा मागतो. वाईट असला की स्वतःच चहा करतो, कारण माझ्या हातून चुकून एखादं बटण दाबलं जाईल अशी त्याला धास्ती असते. लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की मुलगा सुतार आहे. पुढेमागे तो सूर्याचा कारकून होईल, हे काही कोणी बोललं नव्हतं.

सुतार तो आहेच, आणि चांगला आहे. इतकी वर्षं तो आपल्या मोठ्या भावाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या कारखान्यात काम करायचा. भाऊजींचा कारखाना भर बाजारात. तिथे तारेची वीज, प्रत्येक कामाला मशीन, आणि प्रत्येक गोष्टीवर भाऊजींचं मत. एकदा एका गिऱ्हाइकासमोर त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "तू नुसतं टेपचं टोक धर, बाकीचं मी बघतो." केस पिकायला लागलेल्या माणसाला टेपचं टोक धरायला सांगितलं की काय होतं ते त्या दिवशी मी पाहिलं. घरी येऊन तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या मालकीची मशिनं उचलली. त्यात एक करवत, एक रंधा आणि माझं लाकूड घासायचं मशीन होतं, कारण पॉलिशचं काम माझं. गावाबाहेर एक पत्र्याची शेड भाड्यानं मिळाली, मागे दोन खोल्या होत्या. तिथे आम्ही संसार मांडला.

शेड चांगली होती, फक्त विजेचा शेवटचा खांब तिच्या बराच अलीकडे संपत होता. वीज कचेरीत चौकशी केली की ते म्हणायचे, खांब येतोय. जणू तो पायी निघालाय आणि वाटेत कुठे सावलीला बसलाय. शेवटी नवऱ्याच्या डोक्यात सणक गेली. खांब गेला खड्ड्यात म्हणून त्यानं कुठून तरी वापरलेली सोलर पॅनेल आणली, बॅटऱ्या आणल्या, मागच्या खोल्यांच्या सपाट गच्चीवर पॅनेल चढवली. वायरी मी ओढल्या, कारण त्याला उंचीची भीती वाटते आणि ते तो कबूल करत नाही.

आमच्याबरोबर सासूबाईही आल्या. त्यांना कोणी ये म्हटलं नव्हतं. भाऊजींचं घर मोठं, तिथे त्यांना काही कमी नव्हतं. पण तिथे सगळं बटणावर चालतं, आणि सासूबाईंनी कशाला हात लावला की माझी जाऊ मायेनं म्हणायची, "आई, तुम्ही बसा." भांडं उचललं, बसा. झाडू घेतला, बसा. बसून बसून त्या इतक्या कावल्या की आमचं सामान टेम्पोत चढत असताना त्याही आपलं पायानं चालवायचं शिलाई मशीन घेऊन पुढच्या सीटवर चढल्या. ते मशीन पाहून नवरा खूश झाला, कारण ते वीज खात नव्हतं. आईपेक्षा मशीन पाहूनच जास्त खूश झाला असं माझं मत आहे.

सासूबाई त्या मशीनवर खोळी शिवायच्या. कशालाही खोळ घालायच्या. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, गॅसच्या टाकीला खोळ, स्टुलाला खोळ, सरसाच्या डब्याला खोळ. नवऱ्याच्या ड्रिलला एक टोपीसारखी खोळ होती, तिला नाडीसुद्धा होती. प्रत्येक खोळीवर हिरव्या दोऱ्यानं भरलेला एक पोपट. जे आपलं आहे त्यावर धूळ बसता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. घरात एकाच वस्तूला खोळ नव्हती, ती म्हणजे माझं घासायचं मशीन. ते बिचारं कोपऱ्यात उघडंबोडकं पडलेलं असायचं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी स्वतःला सांगायचे, आणि रोज त्याच्याकडे बघून माझा तिळपापड व्हायचा.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. करवत, ड्रिल, माझं मशीन, ही सगळी गरीब मंडळी. पॅनेलांवर सुखानं चालायची. रंधा मशीन मात्र खादाड. सुरू होतानाच ते एका घोटात एवढी वीज प्यायचं की घरातले दिवे माना टाकायचे. म्हणून नवऱ्यानं नियम केला. शेडच्या दाराशी एक पितळी घंटा टांगली. रंधा लावायच्या आधी तो ती बडवायचा, आणि घंटा झाली की घरातलं सगळं बंद. पंखा मी बंद करायचे, फ्रिज मी बंद करायचे, आणि सासूबाई लगबगीनं मागच्या बाजूला जायच्या, कारण पाण्याच्या पंपाचं बटण तिकडे, गच्चीच्या जिन्यापाशी होतं. मग नवरा देवाचं नाव घेतल्यासारखा चेहरा करून रंध्याचं बटण दाबायचा.

मशीन छान सुरू व्हायचं. फळी आत जायची, सालपं उडायची, नवरा माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. आणि फळी निम्म्यावर आली की इन्व्हर्टर टीं टीं करत बोंबलायचा आणि सगळं ठप्प. ढग असता तर समजलं असतं, पण हे रखरखीत दुपारी व्हायचं. पत्रा एवढा तापलेला की मांजर चार पाय एकदम टेकत नव्हतं, आणि आमच्या बॅटऱ्या म्हणायच्या, आम्ही दमलो.

नवरा आधी आकडा, वायरी, बॅटऱ्या सगळं चाचपायचा, मग धडपडत जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जायचा आणि मान लांब करून पॅनेलांकडे बघायचा. ती लख्ख. तोंड बघावं इतकी लख्ख. मग तो खाली येऊन संशयाला लागायचा. आधी वायरी बारीक आहेत म्हणाला, आम्ही जाड वायरी ओढल्या. मग बॅटऱ्यांत पाणी कमी आहे म्हणाला, पाणी घातलं. मग इन्व्हर्टरला उकडतंय म्हणाला, म्हणून एकुलता एक पंखा आमच्याकडून काढून इन्व्हर्टरला लावला आणि आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. पंखा लावल्यावर रंधा आणखी लवकर बंद पडला, तेव्हा पंखा परत मिळाला.

एकदा त्याला पॅनेलवर कावळा दिसला. त्याच्या सावलीनं वीज जाते असं ठरवून त्यानं माझा जुना गाऊन आणि एक हंडी वापरून बुजगावणं केलं आणि मला ते गच्चीवर उभं करायला लावलं. कावळा आला नाही, पण बुजगावण्याची सावली दिवसभर पॅनेलांवर फिरत राहिली. ते काढलं. त्यानंतर त्यानं भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून ठेवला. घड्याळ सेलवर चालतं, त्याचा बॅटऱ्यांशी काडीचा संबंध नाही, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, माहीत आहे, पण मला आता कशावरच विश्वास ठेवायचा नाही. मी कपाळाला हात लावला.

आमच्या घरात किती वाजले ते कोणाला कळेनासं झालं त्या दिवसांतच वाचनालयाच्या बाई आल्या. त्यांना वाचायच्या खोलीसाठी एक लांबलचक टेबल हवं होतं, जाड टणक लाकडाचं, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं. आमचं स्वतःचं असं हे पहिलंच मोठं काम. लाकूड आलं. हातानं रंधायला घेतलं तर नवऱ्याचा खांदा धरला आणि फळीला ओरखडासुद्धा नीट पडला नाही. मशिनाशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि मशीन निम्म्या फळीवर मान टाकत होतं.

नेमके तेव्हाच भाऊजी आमची खुशाली विचारायला आले. त्यांच्यासमोर घंटा झाली, रंधा सुरू झाला, आणि त्यांच्यासमोरच बंद पडला. भाऊजी हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. म्हणाले, लाकूड माझ्याकडे पाठव, मी रंधून देतो, आणि तुम्हीही या परत, उगाच उन्हाच्या नादी लागून कशाला हाल करून घेता. माझ्या नवऱ्याच्या नाकावर राग असतोच, तो आता सगळ्या तोंडभर पसरला. "शनिवारी दुपार उलटायच्या आत या फळ्या इथेच, याच मशीनवर रंधून झाल्या नाहीत," तो म्हणाला, "तर टेम्पो आण, मशिनं भर. आम्ही परत येतो."

शब्द गेला तो गेला. परत जायचं म्हणजे त्यानं पुन्हा टेपचं टोक धरायचं आणि मी जावेच्या स्वयंपाकघरात हा चमचा घेऊ का म्हणून विचारायचं. मला ही शेड हवी होती. हे तापलेले पत्रे, ही सालपं, ही खुळी घंटा, सगळं मला माझं वाटायला लागलं होतं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली आणि आत गेल्या. पुढचे सगळे दिवस घंटा झाली की त्या मागच्या बाजूला नुसत्या जात नव्हत्या, धावत होत्या.

शनिवारी ऊन असं पडलं होतं की नवऱ्यानं सकाळी आकडा पाहिला आणि चहा मागितला. आम्ही दोघांनी फळ्या मशीनपुढे रचल्या. भाऊजी टेम्पो घेऊन आले, दोरखंडही घेऊन आले, आणि शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. नवऱ्यानं घंटा बडवली. मी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, सासूबाई धावल्या. रंधा सुरू झाला. पहिली फळी आत गेली, निम्म्यावर आली, आणि टीं टीं टीं. ठप्प. फळी मशिनाच्या तोंडात तशीच अडकून राहिली.

नवऱ्यानं घंटेचा दोर हातात धरला होता, तो सोडायचं त्याला सुचेना. भाऊजी उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चल, भरू या. मग जाता जाता त्यांना वाटलं की एवढं रामायण ज्यावरून झालं ती काचेची खेळणी तरी एकदा बघून घ्यावी. त्यांना उंचीची भीती नाही. ते भराभरा जिना चढून गेले.

वरून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग भाऊजींचं हसू ऐकू आलं, ते थांबेचना. ते खाली आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक भलीमोठी कापडी खोळ होती, कडेला नाड्या लावलेली. तिच्यावर मधोमध एक पोपट होता, लहान मुलाएवढा. त्यांच्यामागून सासूबाई आल्या, उरलेल्या खोळी छातीशी धरून.

सगळ्या पॅनेलांना खोळी होत्या. एकेका पॅनेलच्या मापाच्या, दुहेरी कापडाच्या, पक्क्या शिवणीच्या. रंधा लावला की लाकडाची धूळ उडते, ती ओढून घेणारा पाइप नवऱ्यानं मोठ्या अभिमानानं मागच्या भिंतीतून बाहेर काढला होता, आणि वाऱ्यानं ती सगळी धूळ गच्चीवर जात होती. सासूबाईंनी ते पहिल्या दिवशीच पाहिलं. आम्ही पाहिलं नाही, कारण तेव्हा आम्ही आत आकड्याकडे बघत होतो.

"पॅनेलवर धूळ बसली की पॅनेल मेलं, असं तूच म्हणाला होतास," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "घंटा झाली की धूळ येणार, म्हणून मी जाऊन झाकते. मशीन थांबलं की काढते."

म्हणजे खादाड रंधा सुरू व्हायचा आणि नेमक्या त्याच क्षणी सूर्य बंद व्हायचा. रंधा बिचारा एकट्या बॅटऱ्यांवर जेवढा दम धरायचा तेवढा धरायचा. तो थांबला की खोळी निघायच्या, आणि नवरा जिन्यावरून मान लांब करून बघायचा तेव्हा पॅनेल लख्ख. लख्ख असणारच, इतकी काळजी राजवाड्यातल्या आरशांची कोणी घेतली नसेल. जाड वायरी, पाणी, पंखा, बुजगावणं, घड्याळाचा सेल, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"आई, तू तर सूर्यालाच खोळ घातलीस की," भाऊजी डोळे पुसत म्हणाले.

सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, ते आम्हाला दिसलं. त्यांनी धाकट्या मुलाकडे पाहिलं, अडकलेल्या फळीकडे पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस मीच बंद पाडत होते," त्या म्हणाल्या. खोळी त्यांनी आणखी घट्ट धरल्या. भाऊजींचं हसू ओसरलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी मायेनं म्हणाले, "जाऊ दे आई. तू बस."

तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. त्या बाईशी माझं काही फार गूळपीठ नव्हतं. माझ्या मशिनाला त्यांनी कधी खोळ शिवली नव्हती. पण उन्हातान्हात धावत जिना चढणारी ती बाई मला दिसली, आमचं काही मरू नये म्हणून रोज झाकणारी, आणि मला तिची फार माया आली. त्यांना खुर्चीत बसलेलं मला बघवणार नव्हतं.

"त्यांना मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

भाऊजींनी वळून पाहिलं. "तू?"

"हो. खोळी शिवा म्हणून मीच मागे लागले होते. मला काय कळतं विजेतलं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या गच्चीवरची एकूण एक वायर मी ओढली आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो काही बोलणार एवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला, चांगला भार टाकून. तो कळवळला, आणि मग इतक्या सहजपणे म्हणाला की त्याचा मला आजही थोडा राग आहे, "मला वाटलंच होतं."

मग भाऊजींनी मला समजावून सांगितलं. सूर्य कसा असतो, त्याचे किरण कसे येतात, काच म्हणजे काय, कापड म्हणजे काय. मी मान खाली घालून हो भाऊजी, बरं भाऊजी करत राहिले. त्यांना फार बरं वाटत होतं. सासूबाई खुर्चीला टेकून उभ्या होत्या, बसल्या नव्हत्या, आणि माझ्याकडे एकटक बघत होत्या.

किरणांचं प्रकरण आटोपल्यावर मी म्हटलं की दुपार अजून उलटलेली नाही. घड्याळ बंद असल्यामुळे याबाबत कोणालाच माझ्याशी वाद घालता आला नाही. सासूबाईंनी सगळ्या खोळी भाऊजींच्या हातात दिल्या, कोपऱ्यातला मऊ लांब झाडू उचलला आणि जिन्याकडे निघाल्या. कशाला जाता म्हणून भाऊजींनी विचारलं. त्या म्हणाल्या, "झाकायचं नाही हे कळलं. पण धूळ तर येणारच आहे." थोड्या वेळानं गच्चीवरून त्यांचा आवाज आला, "चालू कर."

नवऱ्यानं सवयीनं घंटा बडवली. मी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, पंपाकडे या वेळी मीच पळाले. रंधा सुरू झाला. अडकलेली फळी पुढे सरकली, निम्म्यावर आली, आम्ही सगळे इन्व्हर्टरकडे बघायला लागलो. तो गप्प. फळी पलीकडून बाहेर यायला लागली, पिवळीधमक आणि गुळगुळीत, आणि ती एवढी लांब होती की तिचं टोक खाली झुकायला लागलं.

"दादा," नवरा मशिनाच्या आवाजावरून ओरडला, "जरा ते टोक धर."

भाऊजी क्षणभर तसेच उभे राहिले. मग खोळी खुर्चीवर ठेवून पुढे झाले आणि त्यांनी टोक धरलं. शेवटी तेही सुतारच. पहिल्या फळीवरून त्यांनी हात फिरवला, दुसरी धरायला आपणहून उभे राहिले, आणि शेवटच्या फळीपर्यंत त्यांनी एकही मत दिलं नाही. वर गच्चीवर झाडू फिरत असल्याचा आवाज येत होता, मधूनच "अजून चालू आहे का" असा प्रश्न येत होता, आणि मी खालून चालू आहे असं कळवत होते.

टेम्पो रिकामा न्यायला नको म्हणून भाऊजी सालपांची पोती घेऊन गेले. जाताना त्यांनी मला धुळीचा पाइप शेडपलीकडच्या ओढ्याच्या बाजूला वळवायला सांगितलं. हे मात्र त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी ऐकलं. तरी धूळ यायची ती थोडी येतेच, आणि अजूनही घंटा झाली की सासूबाई झाडू घेऊन वर जातात. फळ्या नीट रंधून झाल्या तर नवरा म्हणतो बॅटऱ्या चांगल्या आहेत. सासूबाई म्हणतात झाडू चांगला आहे.

त्याच संध्याकाळी मी शेड आवरत होते. सासूबाई दाराशी उजेडात बसून शिलाई मशीन पुसत होत्या. कोपऱ्यातलं माझं घासायचं मशीन उचलायला गेले आणि थबकले. त्याला खोळ होती. पॅनेलच्या खोळीतूनच कापून शिवलेली, त्यामुळे तिच्यावर तो भलामोठा पोपट पूर्ण मावला नव्हता. समोर नुसती चोच आणि एक डोळा आला होता. मी ती नाडी सोडली, परत बांधली, पुन्हा सोडली.

"वापरताना काढून ठेवत जा," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुला काय कळतं विजेतलं."